मूल्य आधी, मापन नंतर : आदिवासी समाजांच्या तत्त्वविचारातून कार्यक्रमाचं मूल्यमापन कसं करावं

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर ताइएरी नावाची नदी आहे. तिची तब्येत तपासायची तर प्रयोगशाळेची यादी ठरलेली असते : ऑक्सिजन, नायट्रेट, गढूळपणा, जिवाणू. २००३ मध्ये नाइ ताहू या माओरी जमातीतल्या गेल टिपा आणि त्यांच्या सहकारी लॉरेल टिअर्नी यांनी नद्यांसाठी एक वेगळी मोजपट्टी मांडली. ज्या नद्यांच्या काठावर ती आकाराला आली, त्यांतली ताइएरी एक. या मोजपट्टीत जमातीची जाणती माणसं काठावर उभी राहतात आणि आधी सांगतात, ही जागा आमच्या जुन्या नात्यातली आहे की नाही. असेल तर ‘ए’, नसेल तर ‘बी’. लगेच पुढचा प्रश्न येतो : इथं पुन्हा याल का? येणार असाल तर १, नाही तर ०. मग इथलं अन्न, म्हणजे मासे, ईल, पाणवनस्पती, आजही मिळतं का आणि तिथवर पोचता येतं का, हे पाहतात. पाण्याचा, काठाचा, प्रवाहाचा गुणांक सर्वांत शेवटी.

आता समजा, पाणी प्रयोगशाळेत पास झालं आणि लोकांनी शून्य दिलं. नदी साफ करण्याचा कार्यक्रम यशस्वी झाला म्हणायचं का?

या प्रश्नाला उत्तर देता येईल असं मूल्यमापन कसं करायचं, ते या लेखात सांगायचं आहे. मूल्यमापन या शब्दात ‘मूल्य’ पहिलं येतं आणि ‘मापन’ दुसरं. आपण मात्र कामाला लागतो ते थेट मापनापासून. निर्देशक, म्हणजे यश कशावरून ओळखायचं त्या खुणा, ठरतात, प्रश्नावली छापली जाते, बेसलाइन, म्हणजे कार्यक्रमाआधीची मोजणी, होते. मूल्य कुणाचं, हा प्रश्न टीओआर, म्हणजे कामाची व्याप्ती ठरवणारा कागद, लिहिणाऱ्याने परस्पर सोडवून टाकलेला असतो. आदिवासी मूल्यमापनकारांचा सगळा झगडा त्या सोडवून टाकलेल्या प्रश्नाशी आहे.

हा लेख अशांसाठी आहे ज्यांना लॉगफ्रेम, एंडलाइन, फोकस ग्रुप ही मूल्यमापनाची नेहमीची साधनं येतात, आणि ज्यांच्या हातात एखाद्या आदिवासी समाजातल्या कार्यक्रमाचं मूल्यमापन आलं आहे. इथले दाखले मुख्यतः न्यूझीलंडचे माओरी, कॅनडातले क्री आणि मिगमाव, अमेरिकेतले हवासुपाई, ऑस्ट्रेलियातले मूळ समाज आणि आफ्रिकेतल्या त्स्वाना भाषकांचे आहेत, कारण या क्षेत्राचा वैचारिक पाया ज्यांनी घातला, त्यांतले बरेच विचारवंत याच समाजांतले आहेत.

पहिली पायरी : स्वतःच्या डोक्यातलं तत्त्वज्ञान बाहेर काढा

‘तत्त्वज्ञान राहू दे, पद्धत सांगा’ असं म्हणणाऱ्याकडेही तत्त्वज्ञान असतंच. त्याने ते कधी तपासलेलं नसतं, एवढंच. म्हणून ही पायरी गाळू नका. माझ्या मते पुढच्या सगळ्या पायऱ्या हिच्यावर उभ्या आहेत.

चार प्रश्न आहेत. खरं काय आहे? ते आपल्याला कळतं कसं? चांगलं कशाला म्हणायचं? आणि या तिन्हींना धरून काम कसं करायचं? पुस्तकी भाषेत यांना सत्तामीमांसा, ज्ञानमीमांसा, मूल्यमीमांसा आणि पद्धतिशास्त्र म्हणतात. नेहमीच्या मूल्यमापनात पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं न बोलता गृहीत धरतात आणि चौथ्यावर तासन्‌तास चर्चा करतात.

ओपास्क्वायाक क्री समाजातले शॉन विल्सन यांनी २००८ च्या आपल्या पुस्तकात या चारही प्रश्नांना एकच धागा दिला : नातं. आपण सहसा असं धरून चालतो की वस्तू आधी असतात आणि मग त्यांच्यात संबंध जुळतात. विल्सन उलटं सांगतात. नाती हेच वास्तव आहे. माणूस म्हणजे त्याच्या नात्यांची गाठ : माणसांशी, जमिनीशी, पूर्वजांशी, कल्पनांशीसुद्धा. हे मान्य केलं की ज्ञान एकट्याच्या मालकीचं राहत नाही, कारण तेही नात्यांतच तयार होतं. आणि चांगलं काय, याचं उत्तर येतं : ज्या नात्यांमधून हे ज्ञान मिळालं, त्या नात्यांना मी जबाबदार आहे. याला ते नात्यांप्रती उत्तरदायित्व म्हणतात. नेहमीच्या मूल्यमापनात उत्तरदायित्व निधी देणाऱ्याकडे वर जातं. इथं ते चारही बाजूंना जातं.

बोत्सवानाच्या बगेले चिलिसा यांनी हाच विचार आफ्रिकेच्या बाजूने मांडला. त्स्वाना भाषेत म्हण आहे, ‘मोथो के मोथो का बाथो’, म्हणजे माणूस माणसांमुळे माणूस होतो. ही म्हण गंभीरपणे घेतली तर एकेका व्यक्तीला बाजूला बसवून तिचं ‘वैयक्तिक मत’ घेणं हीच सर्वांत शुद्ध माहिती, असं म्हणता येत नाही. चारचौघांत बोलताना माणूस जे बोलतो ते दबावाखालीच असतं असं नाही. काही समाजांत विचार पुरा होतो तोच चारचौघांत.

वास्तवाची ही दुसरी कल्पना किती दूरवर जाते, याचं उदाहरण व्हांगानुई नदीचं. ‘को आउ ते आवा, को ते आवा को आउ’, मी नदी आहे आणि नदी मी आहे, असं तिच्या काठचे माओरी पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आले. २०१७ मध्ये न्यूझीलंडच्या संसदेने कायदा करून या नदीला, डोंगरापासून समुद्रापर्यंत, एक कायदेशीर व्यक्ती मानलं. तिच्या वतीने बोलायला दोन माणसं नेमतात, एक नदीकाठच्या जमातींकडून आणि एक सरकारकडून. आता या नदीवरच्या कार्यक्रमाचे संबंधित घटक कोण, ही यादी तुम्ही कराल तेव्हा नदीला वगळून चालेल का? इथे तत्त्वज्ञान थेट तुमच्या एक्सेल शीटमध्ये येऊन बसतं.

आता स्वतः करून पाहायचा अभ्यास. तुमचाच एखादा जुना अहवाल काढा आणि त्यातलं एक वाक्य घ्या. समजा वाक्य आहे : ‘लाभार्थी कुटुंबांच्या वर्तनात सकारात्मक बदल दिसून आला.’ शब्द शब्द सोडवा. ‘लाभार्थी’ : म्हणजे देणारे आम्ही, घेणारे ते. त्यांनी आम्हाला काय दिलं, हा रकानाच नाही. ‘कुटुंब’ : एका छपराखाली जेवणारी माणसं, असं कुणी ठरवलं? माओरींच्या ‘फानाउ’मध्ये आजी, मावश्या, दूरची भावंडं आणि गेलेलेही येतात. ‘वर्तन’ : म्हणजे कारण माणसाच्या आत आहे, जमीन गेल्यात किंवा शाळेने भाषा तोडल्यात नाही. ‘सकारात्मक’ : कुणाच्या बाजूने? ‘दिसून आला’ : कुणाला? पाच शब्दांत चारही प्रश्नांची उत्तरं दडलेली आहेत, आणि त्यांतलं एकही त्या कुटुंबांना विचारून दिलेलं नाही. दहा वाक्यं अशी सोडवा. एक दुपार जाईल, पण नव्या कामाच्या आराखड्याकडे तुम्ही वेगळ्या नजरेने पाहाल.

दुसरी पायरी : तुमच्या आधी कोण येऊन गेलं, ते शोधा

लिंडा तुहिवाई स्मिथ या माओरी विदुषींनी १९९९ मध्ये लिहिलं की आदिवासी जगाच्या शब्दसंग्रहात ‘संशोधन’ हा बहुधा सर्वांत घाणेरड्या शब्दांपैकी एक आहे. हे रागाच्या भरात लिहिलेलं नाही. त्यामागे हिशेब आहे.

त्या हिशेबातली एक नोंद अशी. अमेरिकेत ग्रँड कॅन्यनच्या पोटात हवासुपाई ही छोटी जमात राहते. तिच्यात मधुमेह फार होता. १९९० पासून एका विद्यापीठाच्या संशोधकांनी मधुमेहाच्या अभ्यासासाठी लोकांचं रक्त घेतलं. तेच नमुने पुढे स्किझोफ्रेनियाच्या, जमातीतल्या नात्यागोत्यातल्या लग्नांच्या आणि तिचे पूर्वज कुठून आले याच्या अभ्यासाला वापरले गेले. आपण याच दरीत जन्मलो, अशी हवासुपाईंची श्रद्धा. त्यांच्याच रक्तातून त्यांच्या उगमकथेच्या विरुद्ध निष्कर्ष काढले गेले आणि ते त्यांना न विचारता. खटला झाला. २०१० मध्ये तडजोड झाली : ४१ जणांना मिळून ७ लाख डॉलर, आणि उरलेले नमुने परत. जमातीची माणसं ते रक्त घेऊन घरी गेली.

मूल्यमापन म्हणजे रक्त काढणं नव्हे, असं कुणी म्हणेल. पण ज्या माणसाच्या दारात तुम्ही टॅब घेऊन उभे राहता, त्याला सर्वेक्षण, संशोधन आणि मूल्यमापन यांतला फरक दिसत नाही. दिसायचं कारणही नाही. प्रत्येक वेळी कुणीतरी काहीतरी घेऊन गेलेलं असतं.

म्हणून गावात पाय ठेवण्यापूर्वी एक वही करा. आधी कोणकोणते अभ्यास झाले, काय नेलं, काय परत आलं, अहवाल कुणाकडे आहेत, कोणते कार्यक्रम मध्येच बंद पडले. जितकं कागदावरून कळेल तितकं जाणून घ्या, आणि मग ती वही घेऊन लोकांसमोर बसा. ‘आम्हाला एवढं कळलं, यात काय राहिलं?’ असं विचारा. हा तुमचा पहिला प्रश्न असू द्या.

तिसरी पायरी : तुम्ही कुठे उभे आहात ते ठरवा

माओरी मूल्यमापनकार नान वेहिपेइहाना यांनी एक साधी उतरंड मांडली आहे. तिचं मराठी करायचं तर : मूल्यमापन समाजावर होतं, समाजासाठी होतं, समाजासोबत होतं, समाजाकडून होतं, किंवा समाज म्हणून होतं. पहिल्या दोन टप्प्यांत सूत्रं बाहेरच्यांच्या हाती. तिसऱ्यात वाटून घेतलेली. चौथ्यात समाजातली माणसं सूत्रं धरतात, पण पद्धती अजून बाहेरच्या असू शकतात. पाचव्यात जगाकडे पाहण्याची रीतच त्यांची असते आणि बाहेरचा माणूस बोलावला तरच येतो.

‘सहभागी’ हा शब्द सरसकट वापरला जातो, म्हणून एक कसोटी देते. हे काम थांबवण्याचा अधिकार समाजाकडे आहे का? एखादा निष्कर्ष छापू नका असं समाजाने म्हटलं तर तो गाळला जाईल का? दोन्हींची उत्तरं ‘नाही’ असतील तर तुम्ही फार तर ‘समाजासाठी’वर आहात. तिथे असणं गुन्हा नाही. तिथे असून ‘समाजासोबत’ लिहिणं मात्र खोटं आहे.

चौथी पायरी : संमती घ्या, आणि ती एकट्याची समजू नका

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने आदिवासी लोकांच्या हक्कांचा जाहीरनामा १३ सप्टेंबर २००७ रोजी मंजूर केला. बाजूने १४४ मतं पडली. विरोधात चार देश होते : ऑस्ट्रेलिया, कॅनडा, न्यूझीलंड आणि अमेरिका. आदिवासी मूल्यमापनाचा विचार जिथे सर्वांत जोमाने वाढला तेच हे चार देश, आणि चौघांनीही पुढे आपली भूमिका बदलली. मुक्त, आधी घेतलेली आणि पूर्ण माहितीनिशी दिलेली संमती हे या जाहीरनाम्यातलं महत्त्वाचं तत्त्व. ती समाजाने आपल्या प्रातिनिधिक संस्थांमार्फत द्यायची असते. म्हणजे प्रत्येक मुलाखतीआधी घेतलेली सही पुरत नाही. सही व्यक्तीची, संमती समूहाची, आणि दोन्ही लागतात. हवासुपाई प्रकरणातही नुकसान झालं ते रक्त देणाऱ्यांपुरतं राहिलं नाही. उगमकथा साऱ्या जमातीची होती.

प्रत्यक्ष वागायचं कसं, यासाठी लिंडा स्मिथ आणि फिओना क्रॅम यांनी माओरी रीतींवरून घेतलेली सात सूत्रं मला सर्वांत उपयोगी वाटतात. माणसांचा आदर करा आणि त्यांना त्यांच्या अटींवर भेटा. तोंड दाखवा : ‘हे कानोही किटेआ’, म्हणजे दिसलेला चेहरा, फोनवरून आणि ईमेलवरून नातं लागत नाही. पाहा, ऐका, आणि मगच बोला. हात आखडता घेऊ नका, वेळ आणि पाहुणचार दोन्ही द्या. सावध राहा. कुणाचा ‘माना’ पायदळी तुडवू नका. आपलं ज्ञान मिरवू नका. ‘माना’ हा शब्द आपल्या ‘मान’सारखा ऐकू येतो, पण त्यात प्रतिष्ठेबरोबर अधिकार आणि पूर्वजांकडून आलेलं सामर्थ्यही आहे.

या सूत्रांचा बजेटवर थेट परिणाम होतो. तोंड दाखवायला निदान दोन-तीन फेऱ्या लागतात, ज्यांत एकही फॉर्म भरला जाणार नाही. या फेऱ्या प्रस्तावात स्वतंत्र ओळ म्हणून लिहा. ‘पूर्वतयारी’ या नावाखाली लपवल्या तर पहिली कात्री त्यांनाच लागते.

पाचवी पायरी : निर्देशकांआधी गोष्ट

अमेरिकेतल्या आदिवासी महाविद्यालयांच्या महासंघासाठी जोन लाफ्रान्स आणि रिचर्ड निकोल्स यांनी २००९ मध्ये मूल्यमापनाची एक चौकट तयार केली. तिच्यात चार मूल्यं पायाशी आहेत : आपण एका जागेचे लोक आहोत, कुटुंब आणि समाज केंद्रस्थानी आहे, प्रत्येकाकडे काही देणगी आहे ती ओळखायची आहे, आणि जमातीचं सार्वभौमत्व मानायचं आहे. कामाची सुरुवात ते लॉजिक मॉडेलच्या, म्हणजे कशातून काय घडेल हे दाखवणाऱ्या तक्त्याच्या, बाणांपासून करत नाहीत. आधी कार्यक्रमाची गोष्ट रचतात. हा कार्यक्रम कुठून आला, कुणाच्या काळजीतून, कोणत्या जागी, कुठे जायचं म्हणून. बाणांचा तक्ता त्या गोष्टीतून नंतर काढता येतो. तक्त्यातून गोष्ट काढता येत नाही.

गोष्ट ऐकताना एक सवय मोडावी लागते, ती म्हणजे दुखण्यापासून सुरुवात करायची. अलास्कातल्या उनांगाख समाजातल्या ईव्ह टक यांनी २००९ मध्ये समाजांना उद्देशून एक खुलं पत्र लिहिलं आणि नुकसानकेंद्री संशोधन थांबवण्याचं आवाहन केलं. निधी मिळावा म्हणून समाजाची पडझड दाखवत राहायची, आणि शेवटी लोकांनाही आपण म्हणजे पडझडच वाटू लागायची, हे चक्र त्यांनी नेमकं पकडलं. ‘तुमच्या समस्या काय?’ या प्रश्नाऐवजी ‘इथे काय टिकवून ठेवलं आहे, आणि कुणी?’ असं विचारून पाहा. बोलणाऱ्याचा आवाज बदलतो.

गोष्टीतून निर्देशक कसे निघतात, याची दोन उदाहरणं. १९८० च्या दशकात माओरी मनोविकारतज्ज्ञ मेसन ड्युरी यांनी आरोग्याला घराची उपमा दिली. चार भिंती : शरीर, मन, कुटुंब, आणि आत्मिक बाजू. एक भिंत खचली की घर कलतं. आता मधुमेहाच्या कार्यक्रमात रक्तातली साखर ही एका भिंतीची एक वीट झाली. बाकी तीन भिंतींना तुमच्या प्रश्नावलीत एकही प्रश्न नसेल, तर तुमचं ‘सुधारणा’ हे विधान एका भिंतीपुरतं आहे आणि तसंच लिहायला हवं.

दुसरं उदाहरण कोहांगा रेओचं, म्हणजे भाषेच्या घरट्याचं. माओरी भाषा मरणाच्या दारात असताना १९८२ मध्ये ही बालकेंद्रं सुरू झाली. भाषा येणाऱ्या आज्या-आजोबांनी लहानग्यांशी फक्त माओरीत बोलायचं. बाहेरून पाहणारा याला बालवाडी समजेल आणि शाळेची पूर्वतयारी, अंकओळख असं काही मोजेल. ते मोजणं चूक नाही. पण ज्यासाठी घरटं बांधलं ते पाहायचं तर विचारावं लागेल : आजीला पुन्हा कुणीतरी शिक्षिका म्हणू लागलं का? मधल्या पिढीची, भाषा तुटलेली आई, मुलाबरोबर बोलायला लागली का? घरात रागावताना आणि लाड करताना कोणती भाषा येते? हे निर्देशक ऑफिसात बसून सुचत नाहीत.

सहावी पायरी : ऐकण्याला पद्धतीचा दर्जा द्या

ऑस्ट्रेलियात ‘यार्निंग’ म्हणजे निवांत गप्पा, हे संशोधनाचं मान्य साधन झालं आहे. डॉन बेसाराब आणि ब्रिजेट न्‌गांडू यांनी २०१० मध्ये त्याचे प्रकार वेगळे करून दाखवले : ओळखीच्या गप्पा, विषयाच्या गप्पा, सोबत विचार करण्याच्या गप्पा, मन मोकळं करण्याच्या गप्पा. कोणत्या गप्पा चालू आहेत हे ओळखायचं असतं. ओळखीच्या गप्पांतलं कुणी सांगितलेलं परस्पर अहवालात घालणं हा विश्वासघात आहे. आणि कुणी मन मोकळं करू लागलं तर प्रश्नावली मिटायची, हे संघातल्या प्रत्येकाला आधीच सांगून ठेवा.

ऑस्ट्रेलियातल्याच डेली नदीकाठच्या समाजातल्या मिरियम-रोझ उंगुनमेर-बाउमन यांनी ‘दादिरी’ हा शब्द जगासमोर आणला. आतून, शांतपणे, वाट पाहत ऐकणं, असा त्याचा अर्थ. व्यवहारात याचा अर्थ शांततेला घाबरू नका. उत्तर आलं नाही की आपण लगेच प्रश्न सोपा करून पुन्हा विचारतो किंवा पर्याय वाचून दाखवतो. थांबा. पुढचा माणूस अजून उत्तराच्या वाटेवर असतो.

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगते. वर्तुळ करून बसवलं, मध्ये काहीतरी ठेवलं, की आदिवासी पद्धत झाली असं नव्हे. एका समाजाची रीत उचलून दुसऱ्या समाजात वापरणं हेही घेऊन जाणंच आहे. माओरींची सूत्रं माओरींची आहेत. त्यांतून शिकायचं ते हे, की जिथे काम करता तिथल्या लोकांना त्यांची स्वतःची सूत्रं विचारा.

सातवी पायरी : डेटा कुणाचा, ते लेखी ठरवा

कॅनडातल्या फर्स्ट नेशन्सनी, म्हणजे तिथल्या मूळ समाजांनी, १९९८ मध्ये, आपल्याच आरोग्य सर्वेक्षणाच्या निमित्ताने, चार शब्द पक्के केले : मालकी, नियंत्रण, पोच आणि ताबा. चौथा शब्द महत्त्वाचा आहे. मालकी तुमची पण हार्ड डिस्क आमच्याकडे, या परिस्थितीत मालकीला फार अर्थ उरत नाही. २०१९ मध्ये आदिवासी डेटाविषयीच्या जागतिक आघाडीने आणखी चार तत्त्वं जाहीर केली : सामूहिक हित, नियंत्रणाचा अधिकार, जबाबदारी आणि नैतिकता.

करारात एवढं तरी यावं : मूळ नोंदी आणि ध्वनिमुद्रणं शेवटी कुठे राहणार, दुसऱ्या कामासाठी वापरायची तर कुणाला पुन्हा विचारायचं, काय सार्वजनिक होणार नाही (पवित्र जागा, औषधी वनस्पतींचं ज्ञान, मृतांची नावं), प्रसिद्धीपूर्वी कोण वाचणार, आणि काही वर्षांनी नोंदी नष्ट करायच्या की सोपवायच्या. निधी देणारी संस्था ‘सर्व डेटा आमचा’ हे कलम सवयीने घालते. सही करण्यापूर्वी ते बदलून घ्या. नंतर कुणी बदलत नाही.

आठवी पायरी : दोन नजरा जुळल्या नाहीत तर

हा सर्वांत अवघड भाग, आणि बहुतेक मार्गदर्शिका इथे घाईने पुढे जातात.

मिगमाव समाजातले ज्येष्ठ अल्बर्ट मार्शल यांनी २००४ मध्ये ‘एतुआप्तमुम्क’ म्हणजे दोन डोळ्यांनी पाहणं हे तत्त्व पुढे आणलं. एका डोळ्याने आदिवासी ज्ञानाचं बळ पाहायचं, दुसऱ्याने पाश्चात्त्य विज्ञानाचं, आणि दोन्ही डोळे एकत्र वापरायचे सर्वांच्या भल्यासाठी. न्यूझीलंडमध्ये अँगस मॅकफार्लेन यांनी वेणीसारख्या नद्यांची उपमा दिली. तिथल्या मैदानात नदी अनेक प्रवाहांत फुटते. ते एकत्र येतात, पुन्हा वेगळे होतात, आणि जागा सोडून सोडून वाहतात. कुठलाही प्रवाह दुसऱ्याची उपनदी नसतो.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे या. प्रयोगशाळा म्हणते पाणी चांगलं, लोक म्हणतात आम्ही परत येणार नाही. मोह असा होतो की दोन्हींना भार देऊन सरासरी काढावी. काढू नका. नाइ ताहूंच्या मोजपट्टीतही तिन्ही भाग शेजारी शेजारी लिहिले जातात, त्यांची बेरीज करत नाहीत. त्यात शहाणपण आहे. बेरीज केली की शून्य गायब होतं, आणि शोधायचं होतं ते त्या शून्याचंच कारण. कदाचित काठावर कुंपण पडलं असेल. कदाचित पाणी स्वच्छ असेल पण सांडपाणी एकदा त्यात सोडलं गेलं, आणि मानवी मैलापाणी अन्नाच्या पाण्यात मिसळणं माओरींना मुळातच मान्य नाही, ते कितीही शुद्ध केलं तरी. ही माहिती कोणताही जिवाणूंचा आकडा देणार नाही.

उलटही होतं. लोक म्हणतात पाणी चांगलं आणि प्रयोगशाळेत विष निघतं. तेव्हा भीडेपोटी गप्प बसणं म्हणजे आदर नव्हे. नात्यांप्रती उत्तरदायित्व असेल तर हे त्याच दिवशी, समोर बसून सांगावं लागतं. आदिवासी दृष्टी म्हणजे लोक म्हणतील ते खरं, असा अर्थ काढणाऱ्यांनी ती वाचलेली नाही.

तसंच, समाज एका आवाजात बोलत नाही. ज्येष्ठ पुरुष आणि तरुण मुली यांची गोष्ट वेगळी असू शकते. परंपरेचा मान राखताना कुणाचा आवाज दबतो आहे का, हे समाजातल्या बायकांनाच विचारा, आणि त्या सांगतील त्या जागी, त्या सांगतील त्या माणसाच्या हातून त्यांचं म्हणणं नोंदवा.

वस्तुनिष्ठता कुठे गेली, हा प्रश्न तुम्हाला कुणीतरी विचारणारच. माझं उत्तर सरळ आहे. कुठूनही न पाहणारा डोळा नसतो. तुम्ही कुठून पाहता ते अहवालाच्या पहिल्याच पानावर लिहा : तुम्ही कोण, कुणाचे पैसे, कुणाशी काय नातं, कोणती भाषा येते, कोणती येत नाही. पुरावा कसा गोळा केला आणि समाजाने कुठे दुरुस्त्या सुचवल्या, तेही लिहा. ज्याचं उभं राहण्याचं ठिकाण माहीत आहे त्याची साक्ष तपासता येते.

नववी पायरी : परत घेऊन जा

इथे माझी स्वतःची चूक सांगते. सुरुवातीच्या एका कामात मुदत जवळ आली म्हणून अहवाल आधी निधी देणाऱ्या संस्थेला पाठवला आणि लोकांना दाखवायचं नंतरवर ढकललं. गेले तेव्हा एका आजीने तो हातात घेतला, माझं नाव छापलेलं पान उघडलं आणि विचारलं, ‘यात माझं बोलणं कुठं आहे?’ मी परिशिष्टातला एक उतारा दाखवला. तो वाचून घेतला त्यांनी, आणि म्हणाल्या, मी असं म्हटलं होतं खरं, पण ते कशाबद्दल म्हटलं होतं ते यात नाही. त्या बरोबर होत्या. अहवाल तोवर स्वीकारला गेला होता.

तेव्हापासून मी क्रम बदलला आहे. मसुदा आधी लोकांपुढे, त्यांच्या भाषेत, मोठ्याने वाचून. छापील प्रत सगळ्यांनी वाचलीच पाहिजे असं नाही, म्हणून कधी चित्रं, कधी नकाशा, कधी नुसती सभा. निष्कर्षावर मतभेद उरला तर दोन्ही बाजू शेजारी छापायच्या, तळटीपेत नाही. अंतिम प्रत संस्थेला त्यानंतर.

हे टिकवायचं तर करारातच टिकवावं लागतं. माझ्या करारात आता पैशाचा शेवटचा हप्ता अहवाल सादर केल्यावर मिळत नाही. समाजाची बैठक होऊन, त्यांनी सुचवलेल्या दुरुस्त्या घालून, त्यांच्या प्रती आणि मूळ नोंदी त्यांच्या हाती दिल्याची त्यांचीच पोच जोडल्यावर मिळतो. आणि त्याखाली आणखी एक फेरी लिहिलेली असते, एक वर्षानंतरची, जिच्यात काहीही गोळा करायचं नाही.